हरकत क्रमांक एकोणतीस

एकवीस डिसेंबर, दुपारचे तीन.
या वेळेला मी सूर्य थांबवून ठेवतो
संगणकावर, मुंढव्याच्या वर,
आणि एकेका इमारतीची सावली मोजतो.
'क' इमारत: सात मजले, एकवीस मीटर.
सावली सदतीस,
ईशान्येला.

वास्तूवाले देव मांडतात त्या दिशेला
मी नकाशावर लिहिलं होतं: मोकळी जागा.

सुनावणी शाळेत होती, चौथी 'ब'च्या वर्गात.
बाकं इतकी बुटकी
की उपसंचालकांचे गुडघे छातीशी आलेले.
मी सांगत होतो: भिंती जाड, खिडक्यांवर छज्जे,
छतं सगळी दक्षिणेकडे कललेली,
वीज इथंच पिकेल, इथंच खपेल,
दुपारी तर उरेलसुद्धा,
कारण दुपारी घरी असतं कोण?

"आम्ही असतो की," मागच्या बाकावरून आवाज.
"दुपारी आम्हीपण उरतोच."

द्वारकाबाई शिरसाट. हरकत क्रमांक एकोणतीस.
अर्जाला जोडपत्र म्हणून
त्यांनी पिशवीतून एक कच्चं मडकं काढलं
आणि नकाशावर ठेवलं.
"ही तुमची मोकळी जागा. इथं आमचा माल वाळतो.
सासऱ्यांनी कसब्यातून चाक हलवलं तेव्हापासून."

उपसंचालक म्हणाले, पण मावशी,
मडकी सावलीतच वाळवतात ना? वाचलंय मी.

"बरोबर वाचलंय. दोन दिवस सावली, मग ऊन.
पण आमची सावली गोणपाटाची, साहेब.
घालता येते, काढता येते.
तुमची कशी काढायची?"

पंखा कुरकुरत राहिला.
मडकं उचललं तेव्हा 'क'च्या शेजारी
एक ओलं कडं उमटलेलं होतं.
स्कॅन करताना ते काढून टाका, असं मला सांगण्यात आलं.

त्या रात्री ऑफिसात मी एकटा, आणि एसी.
'ऊर्जा बचत' नावाचं फोल्डर उघडायला
तिकडे चंद्रपूरकडे
कोळशाचं एक घमेलं आगीत पडलं असेल.
बाईंच्या भट्टीला माझ्या अहवालात, पान बेचाळीस,
'प्रदूषणकारी वापर' म्हटलं आहे.
त्यांच्या धुराविरुद्ध चार सोसायट्यांच्या सह्या आहेत.
माझ्या धुराला पत्ताच नाही.

'क'चे मजले मी मागे सरकवत गेलो,
जिन्याच्या पायऱ्यांसारखे. चौदा फ्लॅट गेले.
जिथं बॅटऱ्यांची खोली होती तिथं लिहिलं:
सामाईक विजेची भट्टी, वेळ अकरा ते तीन.
साहेबांनी चष्मा कपाळावर नेला.
"माझे केस काही उन्हानं पांढरे झालेले नाहीत.
वर हे कोण मंजूर करणार?"

बाईंना फोन केला, जरा फुशारकीनंच.
त्यांनी सगळं ऐकून घेतलं.
मग विचारलं, "काळा माठ धुरानं काळा होतो.
तुमच्या विजेच्या भट्टीत होईल का?"
मला माहीत नव्हतं.
फायलीत प्रश्न लिहिला, त्यापुढे जागा सोडली.
ती अजून कोरी आहे.

मडकं माझ्याच टेबलावर राहून गेलं होतं.
एसीत वाळलं, तडकलं.

आज एकवीस डिसेंबर, खराखुरा.
फाईल वर गेली आहे, म्हणजे कुठे ते कुणालाच ठाऊक नाही.
तीन वाजता मुंढव्याला गेलो.
'क'च्या जागी अजून बाभळी आणि एक बंद टेम्पो.
अंगणात संक्रांतीची सुगडं वाळत घातलेली,
चार बोटं उंची, सात बोटं सावली,
सगळ्या सावल्या ईशान्येला.
गणित चोख होतं माझं.
मी खाली वाकून बघत राहिलो.

"सरका थोडे," बाई म्हणाल्या.
पाच-सहा सुगडं माझ्या सावलीत होती.