डावा गुडघा

डोअरकीपरला सिनेमा दिसतो तो मागून,
माणसांच्या डोक्यांवरून.
पडद्यावर स्फोट किती मोठा झाला
हे मी टकलांवरच्या उजेडावरून सांगतो.
श्रीकमल टॉकीज, नाना पेठ,
एकोणतीस वर्षं बॅटरी हातात.

कोथरूडहून एक मुलगा आला, निमिष पटवर्धन,
पाठीला सॅक, डोळ्यांखाली जागरण.
म्हणाला, काका, मी भाग दोन लिहितोय.
पहिला तुमच्याकडे अकरा आठवडे चालला ना?
लोकांना नक्की काय आवडतं?

म्हटलं, आधी चहा सांग.

मग सांगितलं:
हेलिकॉप्टर आलं की माणसं मुतायला उठतात.
मोजलंय मी.
एक हेलिकॉप्टर, सात माणसं.
तीन आली तर आख्खी एफ लाईन,
वर वडेवाल्याकडे गर्दी ती वेगळीच.
आग वाढवलीस तर सिनेमा वाढत नाही,
एसी बंद आहे एवढंच लोकांच्या ध्यानात येतं.

तो वहीत लिहून घेत होता.
म्हणजे मोबाईलमध्ये,
वही हे मी आपलं सवयीनं म्हणालो.

व्हिलन मेलाय, तर त्याचा भाऊ आणशील.
आण. भाऊ असतोच.
पण जेवायला बसताना त्याला दोन ताटं मांडू दे,
नाहीतर म्हणतील, तोच आलाय, मिशी काढून.

आणि आमची सुभद्रा आक्का,
मंडईत लिंबं विकते,
मंगळवारी मॅटिनीला, पाय पुढच्या खुर्चीवर.
चारदा विचारलंय तिनं मला,
दत्तोबा, त्या पोऱ्याचं पुढं काय झालं रे?
कुठला पोऱ्या?
तर गोदामात चहा देणारा.
हिरोनं पळता पळता त्याला ढकललं,
किटली सांडली
आणि सिनेमा तसाच पुढं गेला.
हिरोचं काय होणार ते आक्काला पाठ आहे.
तिला किटलीचं कळलं पाहिजे.

इथं मुलगा लिहायचा थांबला.

निघताना म्हटलं, अरे हो,
शेवटच्या मारामारीत गुडघा फुटला होता बघ त्याचा.
तो दुखू दे.
अकरा आठवडे लोकांनी घरी नेलाय तो गुडघा.
जिना चढताना त्यानं एकदा कठडा धरला,
बास, पैसे वसूल.

दीड वर्षानं लागला. शुक्रवार, तीनचा खेळ.
निमिष माझ्याशेजारी, दारात, नखं खात.
पोऱ्या आला! मिसरूड फुटलेली,
स्वतःची टपरी,
उकळता चहा फेकला भावाच्या माणसांवर.
थिएटर डोक्यावर घेतलं लोकांनी.
आक्का तेवढी ओरडली, अरे, हात भाजेल तुझा!

मग जिना आला.
हिरो चढला चार पायऱ्या, थांबला,
गुडघा धरला.
सगळं चिडीचूप.
आणि स्टॉलमधून आवाज, शांत, स्वच्छ, पेठेतला:
अहो, डावा होता.

डावाच! मी तीनदा पाहिलाय.
बाल्कनीतून, उजवा नंतर दुखावला असेल.
मग तसं दाखवायला नको?
एवढ्यात हिरोनं चौघांना लोळवलं,
कुणी बघितलंच नाही.
निमिषचा चेहरा बॅटरीच्या उजेडात
पिठल्यासारखा पिवळा.

पण रविवारी तीच माणसं परत रांगेत,
बरोबर मेहुणे, भाचे, शेजारी.
जिना यायच्या आधी सगळे सरसावून बसलेले,
आणि पाचशे गळ्यांतून एकदम
डावा!
असं हसू मी त्या हॉलमध्ये
एकोणतीस वर्षांत ऐकलं नव्हतं.

नववा आठवडा चाललाय.
काल निमिष पेढे घेऊन आला.
म्हणाला, काका, तिसऱ्या भागात दुरुस्त करतो.
म्हटलं, खबरदार.

आणि बाल्कनीच्या बावीस पायऱ्या चढायला लागलो,
कठडा धरून.
माझं बरं आहे,
माझे दोन्ही दुखतात.