शिळा आकडा

आयफेलच्या जंगलात एक वळण आहे,
तिथे गाडीचा आणि आमचा संबंध तुटतो.
दाट स्प्रूस, खडकाची कड,
आणि अकरा सेकंद काहीच येत नाही.
तेवढा वेळ माझ्या पडद्यावर शेवटचा आकडा
शिळेसारखा उभा राहायचा,
ठळक, हिरवा, स्वतःबद्दल खात्री असलेला:
डावं मागचं चाक, एक पूर्णांक नऊ.

त्या रात्री अकराचे चाळीस झाले.
धुकं होतं, पहाटेचे पावणेचार,
कुणी मोजत नव्हतं.
ब्रेमने कॉफीचा घोट घेतला, मान डोलावली,
"चाक ठीक आहे."
चाक तेव्हा चिंध्या होऊन नेच्यांमध्ये पडलं होतं
आणि लेविन हेल्मेट काखेत मारून
कठडा ओलांडत होता, लंगडत.
आमच्याकडे अजून तो ताशी दोनशे चौदा.

मला कुणी काही बोललं नाही.
ब्रेमने फक्त विचारलं, "इर्मा, हा आकडा कधीचा होता?"

अंकांची रुंदी मी ठरवली होती,
एकाचा आठ होताना ओळ थरथरू नये म्हणून.
हातमोज्यातल्या अंगठ्यालाही बटण सापडावं
म्हणून फूटपट्टी घेऊन तीन आठवडे
पिटलेनमध्ये लोकांचे हात मोजत फिरले होते.
कधीचा, हे तेवढं राहून गेलं.

हिवाळ्यात आडेनाउला, आईच्या बेकरीत.
गिऱ्हाईक नव्हतं. रस्त्यावर बर्फाचा चिखल.
कालचे पाव ती वेगळ्या टोपलीत ठेवते,
अर्ध्या किमतीत,
वर तिच्या तिरक्या अक्षरातली चिठ्ठी: कालचे.
एवढंसं गाव, कोण विचारणार आहे, मी म्हटलं,
ठेव की त्यातच.
ती ओट्यावरचं पीठ पुसत राहिली.
"शिळं विकायची लाज नाही गं.
ताज्यात मिसळायची आहे."

लॅपटॉप तिथेच उघडला. कीबोर्डमध्ये अजून पीठ आहे.
आकड्याला वय दिलं.
येतो तेव्हा पांढराशुभ्र,
सेकंदाने मंद, दुसऱ्या सेकंदाला राखाडी,
मग नुसती कडा उरते, आतून पोकळ,
आणि पाचव्याला एक आडवी रेघ.
रेघ म्हणजे: माहीत नाही.

संघातली पोरं वैतागली.
पडदा ओस दिसतो, प्रायोजक येतात बघायला.
टोबियास म्हणाला, मधल्या जागेत अंदाज भर,
गणित येतं की तुला.
येतं.
किती हुबेहूब भरता येईल तेही येतं.

जूनमध्ये पुन्हा तेच जंगल.
आकडा विझत गेला. रेघ.
ब्रेमने कप खाली ठेवला, रेडिओवर बोट,
सात, आठ,
गॅरेजमध्ये कुणाचा तरी पाना पडला,
कुणी वळून पाहिलं नाही,
दहा,
आणि आकडा आला. एक पूर्णांक आठ.
भट्टीतून काढल्यासारखा.

तोही चार दशांश सेकंद जुना असतो,
तारेतून, हवेतून येता येता.
ब्रेमला सांगितलं नाही.
त्यासाठी टोपली अजून सापडलेली नाही.