तोबऱ्याचं माप

पहाटे साडेचारला तुझ्या ठाणात दिवा लावते
तेव्हा आधी लीद बघते, मग तुझं तोंड.
ख्वाजाचाचा म्हणायचे,
जनावर तोंडानं खोटं बोलंल, लिदीनं नाही.
गोळे घट्ट, वास गवताचा, एकही दाणा अख्खा नाही.
म्हणजे रात्रीचं अंगी लागलं.

मग वैरण. मग पाणी. दाणा शेवटी.
हा क्रम कुणी लिहून दिला नाही.
उलटा करणाऱ्या एका पोराच्या पाठीत
चाचांनी खरारा घातला होता,
तेवढं मला पुरलं.

बिस्किटांचा जुना डबा हे माझं माप.
त्यावर खिळ्यानं ओढलेल्या रेघा:
खाली भिजवलेला सातू,
त्याच्या वर बोटभर उकडलेलं जवस.
सगळ्यात वरची रेघ हरभऱ्याची होती.
ती मी विटेनं घासून काढली.

गेल्या साली तुला दोन वर्षंही नव्हती झाली.
तात्या म्हणाले, औंदा माळेगावला उतरवायची,
रवाल चालीत, सगळ्या कंधार तालुक्यासमोर.
आणि घमेल्यानं हरभरा आला,
तूप आलं, अंडी आली,
कोंडा तर पोत्यानं.
महिन्याभरात तू अशी चकाकलीस
की लोहा-नांदेड रस्त्यावरचे टेंपो थांबायचे,
ड्रायव्हर उतरून तुझ्यासोबत फोटो काढायचे.

एका सकाळी खरारा करताना
माझा तळहात तुझ्या पुढच्या घोट्यावर थांबला.
गरम.
तापलेल्या पत्र्यासारखा नाही;
शेजारच्या लेकराच्या कपाळाला सहज हात लावावा
आणि बोलता बोलता गप्प व्हावं, तसा.

परभणीहून डॉक्टरीण आली,
चपला बाहेर काढून ठाणात शिरली.
म्हणाली, हाड अजून ओलं आहे, वर मांस चढवलंत.
आणि हा कोंडा, हा तिच्या हाडातला चुना पळवतोय.
दाणा तोडा. लसूणघास द्या, मीठ द्या,
मोकळं सोडा. वर्षभर पाठीवर कुणी नको.

तात्या हसले.
बाईमाणूस, म्हणाले, आणि पुस्तकातलं.
पण संध्याकाळी डबा माझ्या हातात होता.

मला पंधराव्या वर्षी बोहल्यावर चढवलं.
सोळाव्याला कडेवर एक, डोक्यावर घागर.
माझ्या घोट्याला कुणी हात लावून पाहिलं नाही.
हे मी तात्यांना सांगितलं नाही.
तुलाही आजच सांगते आहे.

तू बादली लाथाडलीस,
दाराची फळी कुरतडलीस,
मान वळवून माझ्याकडं बघायचीस
जशी मीच तुझी सावत्र आई.
उपाशी मारू लालीस तू लेकराला, तात्या ओरडले,
आणि एकवीस दिवस माझ्याशी बोलले नाहीत.
मी मोजले, कारण तेवढ्याच दिवसांत सूज उतरली.

जत्रेला गेलो आपण, नुसतं बघायला.
तू खुंट्याला, मी तुझ्याजवळ, अंगावर घोंगडं.
उदगीरच्या काळ्या बछेरीनं फेटा नेला.
दोनच वर्षांची. काय चालत होती!
पाठीवरचा पेला हिंदकळला नसता.
सगळे तिच्या मानेकडं बघत होते,
मी घोट्यांकडं.
तिच्या मोतद्दाराला गाठून काही सांगावं वाटलं,
पण हलगीत कुठं ऐकू जातं.

घोडा का अडला,
भाकरी का करपली, पान का सडलं,
सगळ्याला एकच उत्तर शिकवलंय आपल्याला: न फिरवल्यानं.
न थांबल्यानं काय काय होतं
त्याची म्हण कुणी केली नाही.

आता तू तिसरं संपवते आहेस.
दिवसातून चार वेळा थोडं थोडं,
कारण तुझं पोट दिसतं तेवढं मोठं नाही.
तोबरा कानांमागं अडकवला
की तुझा श्वास आत घुमतो, जात्यासारखा,
आणि मी भिंतीला टेकून
तो शेवटच्या दाण्यापर्यंत ऐकते.

रात्री नवाच्या सुमाराला तात्या येतात, अनवाणी.
कोपरीच्या खिशातून गुळाचा खडा काढतात,
इकडं तिकडं बघतात,
तळहात तुझ्या ओठांखाली धरतात.
मी पाठमोरी मीठ मोजत राहते.
त्यांना वाटतं, मला ठाऊक नाही.

तेवढा खडा
मी सकाळच्या मापातच धरलेला असतो.