दुसरी संधी, दहा डॉलर

मार्चचा शेवटचा शुक्रवार. मेन राज्याच्या पार वरच्या टोकाला,
नदीपलीकडे कॅनडाचे दिवे दिसतात तिथे,
शाळेच्या जिममध्ये घडीच्या दोनशे खुर्च्या मांडल्यात.
बास्केटबॉलच्या जाळीला कुणीतरी कागदी मधमाशी टांगलीय.
तिला पाचच पाय आहेत.

शब्द वाचायचं काम माझं.
दरवर्षी माझंच, कारण माझा आवाज खणखणीत
आणि मला कुठल्याच टीममध्ये कुणी घेत नाही.

चौदा टीम, प्रत्येकीत तिघं:
अग्निशमन दल, हेल्मेटसकट;
दवाखान्यातल्या नर्सेस, तारेवर जुने नायलॉनचे मोजे ताणून केलेले पंख;
अंत्यसंस्कारवाले मिशो बंधू, ज्यांना हरताना बघायला
अख्खं गाव येतं;
आणि बटाट्याच्या गोदामातली माणसं,
नखांतल्या मातीसह.

चुकलात, तर दहा डॉलर टाका आणि पुन्हा सांगा.
एकदाच. घंटा माझ्या हाती.

पैसे वाचनवर्गाचे.
अडखळणाऱ्या मुलांना एकेकटं जवळ घेऊन वाचायला शिकवणारी बाई
शाळामंडळाने दोन वर्षांमागे काटछाटीत कमी केली.
ती आज दारापाशी ब्लूबेरीचा केक विकतेय,
आणि सुटे पैसे मोजताना ओठ हलवतेय.

पाचव्या फेरीत गोदामवाल्यांची पाळी.
मी शब्द वाचला, मला येतो तसा: रॉन्डेव्हू.
दोघे फळ्याकडे बघत बसले, जणू तो फळ्यावर आपोआप उगवेल.
तिसरा, अल्व्हिन बेकर, वय त्र्याहत्तर,
माइकपाशी वाकला.
"रांदेव्हू," म्हणाला. नाकातून, हलकेच,
थंडीत तोंडातून वाफ सोडावी तसा.
आणि खडूला हात न लावता
आर, ई, एन, डी, ई,
मग तो झेड, ज्याला कुणी विचारत नाही,
व्ही, ओ, यू,
आणि शेवटी एस, तोही मुका.

आता जिथे स्टेज आहे, तिथे तेव्हा दुसरीचा वर्ग भरायचा.
माझ्या आईने त्याच्याकडून शंभर वेळा लिहून घेतलं होतं:
शाळेत मी फ्रेंच बोलणार नाही.
कायदाच होता तसा. आई कायद्याने वागणारी.
तो हे विसरला असेल, असं मी धरून चालत आले.
सोयीचं होतं ते.

टाळ्या पडल्या, तरी "बरोबर" म्हणायचं मी विसरले.
कुणीतरी ओरडलं, बाई, कार्ड बघा!

पुढच्या फेरीत ते "सेपरेट"वर गेले.
मधे ए की ई, यावरून तिघांत जुंपली. ई.
दहा डॉलर टाकले. आता दोन पी.
मिशो बंधूंपैकी धाकट्याने स्वतःचे दहा पुढे सरकवले,
म्हणे, हा शब्द माझ्या वडिलांनाही कधी जमला नाही.
नियमात बसत नव्हतं. मी घंटा वाजवली,
नोट मात्र ठेवून घेतली.

नर्सेस जिंकल्या. मधाची बाटली मिळाली,
एकीचा पंख त्यात चिकटला.
चार हजार एकशे दहा डॉलर, आणि कॅनडाचं एक नाणं.
"नाताळपर्यंत भागेल," वाचनवाली बाई म्हणाली,
आणि पुन्हा मोजायला बसली.

खुर्च्या मिटत होत्या तेव्हा तो आला.
पन्नासची नोट, चार घड्या.
मी पावतीपुस्तक उघडलं आणि नाव विचारलं,
साठ वर्षं ओळखत असून.
"बेकर," सवयीने म्हणाला.
मग थांबला. नोटेवरचं बोट काढलं नाही.
"नको. बी, ओ, यू," म्हणाला, "एल, ए, एन..."
मी एकेक अक्षर उतरवत गेले.
बुलांजे. अर्थ एकच, पाववाला;
शाळेच्या हजेरीत कुणीतरी तो सोपा करून टाकला होता.

"शेवटी आर आहे," तो म्हणाला.
"ऐकू येत नाही, पण लिहायचा."

मी पेन दाबून लिहिला.
तो गेल्यावर कार्बन उचलून पाहिलं:
खालच्या प्रतीवर उमटला होता,
जरा फिकट.