मर्यादेच्या वर

मत्रा बंदराच्या मागे, बेकरीवर, आमची प्रयोगशाळा.
सुरमई, जिला इथे कनाद म्हणतात, कुपा, तारली:
बर्फातून उचलायची, तुकडा कापायचा, आकडा वाचायचा.
ट्रायमिथाइलअमाइन मर्यादेच्या वर
की अख्खा ट्रक परत.
बारा वर्षं या वासावर माझा पगार.
बारा वर्षं त्याचा एकच अर्थ: सडलं.

मार्चमध्ये खौला आली, सूरची मुलगी,
मातीतल्या जीवाणूंवर शिकलेली.
इनक्युबेटरच्या खालच्या कप्प्यात तिनं
दोन बशा ठेवल्या, एकाच झाकणाखाली.
साहेबांना सांगू नकोस म्हणाली.

पहिलीत एक जीवाणू,
मूळ धरून बसणाऱ्या जातीचा,
जन्मला तिथेच धागे पसरून मरणारा.
शेजारी यीस्ट, खालच्या बेकरीतलं,
चमच्याच्या टोकावर आणलेलं.
यीस्टनं साखर संपवली.
जीवाणू भांडला नाही.
उठला.
यीस्टच्या अंगावरून गेला, बशीची भिंत चढला.

दुसरीत त्याचाच भाऊबंद.
तिथे यीस्ट नाही, कुणाची कटकट नाही.
मधे फक्त हवा.
काही दिवसांनी तोही निघाला.

कुणी सांगितलं त्याला?
खौलानं झाकण बोटभर उचललं. हुंग.
मी हुंगलं
आणि सवयीनं म्हणाले, मर्यादेच्या वर.
ती इतकी हसली की तिची शेला घसरली.

अल्लीमिया मामू पहिल्यांदा परतले
तेव्हा मी पाचेक वर्षांची.
ते फारसं बोललेच नव्हते.
बॅग उघडली, एवढंच.
साबण, लोबान, कोऱ्या नायलॉनचा वास
पडवीतून गेला, कुंपणावरून गेला,
सुकत घातलेल्या बोंबलांच्याही वर चढला.
पुढच्या ईदेपर्यंत आमच्या मोहल्ल्यातले अकरा जण
दापोलीच्या स्टुडिओत, कान दिसतील असे, फोटोला बसले.
त्यात अब्बा होते.
अठरा माणसांची एक खोली, एक नळ,
हे त्या वासात नव्हतं.

आणि जे जागचे हलत नाहीत त्यांचं काय?
मी विचारलं, म्हणजे बशीतल्यांचं.
खौला टाचणी शोधत होती.
हा वायू भोवतालची आम्लता बदलतो, म्हणाली.
मग लोह हाती लागत नाही.
काही तग धरतात. बाकीचे
खंगतात.

घरी जाताना मी फार्मसीत थांबते.
अम्मीच्या गोळ्या, तीन महिन्यांच्या,
शुक्रवारी जाणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेत.
दुकानदार पिशवी देतो, नाक किंचित बाजूला वळवतो.
हातमोजे कितीही घाला,
मला तो येत नाही आता.
इतरांना येतो.