वजा देव

एक तारखेला, दूधवाला येऊन गेला की
मी जिन्याखाली वाकते.
पाच मीटर, एका फळीवर.
टॉर्च दातांत, वही गुडघ्यावर,
चष्मा सारखा नाकावरून घसरतो.
पालीला माझी सवय झाली आहे, ती हलत नाही.

पवननगरात तीन बिऱ्हाडं ठेवायची
म्हणजे माणसं युनिटांत कळतात.
खैरनारांचा गिझर दिवाळीला लागतो
तो होळी आली तरी तापतोच.
नाशिकची थंडी एवढी लांब नसते,
पण त्यांचा मीटर त्यांचा, मी बोलत नाही.
पिंजारी अंबडला रात्रपाळीला,
दिवसा पडदे ओढून पंखा पाचवर.
आणि वरच्या खोलीतली ज्योत्स्ना गावित,
सुरगाण्याची, नर्सिंगचं शेवटचं वर्ष,
इतकी कमी जाळते
की मीटर बंद पडला समजून
एकदा मी वायरमन बोलावला होता.

कुरबुर होते ती पाचव्यावरून.
सामायिक.
जिन्यातला दिवा, पाण्याची मोटर,
भागिले चार, माझा वाटा धरून.

जानेवारीत ज्योत्स्नाने वही मागून घेतली,
पायरीवरच बसली.
"काकू, जिन्याचे तीन, मोटरचे बारा.
पंधरा झाले. मीटर एकोणीस म्हणतो."
म्हटलं, मीटर खोटं बोलत नाही.
"तेच तर," म्हणाली.

चार युनिट. म्हणजे चाळीसेक रुपये.
पण घासात खडा लागला की
तो केवढा होता हे कोण विचारतं.
कुणीतरी तार ओढली आहे, मला वाटलं.
कोण, तेही मनात ठरलं होतं. नाव सांगणार नाही.

रात्री अकराला सामायिकचा खटका पाडला.
जिना काळा झाला.
खैरनारांचा टीव्ही चालू. पिंजारींच्या घरात
बाळाला जोजवणारा दिवा चालू.
वर ज्योत्स्नाची खिडकी चालू.
कुणीच चोर नाही.
घरात आले. ट्यूब चालू, फ्रिज चालू,
आणि देव अंधारात.

पाच वॅटचा लाल दिवा.
घर झालं त्या वर्षी ह्यांनी बसवलेला.
वायर कमी पडली असणार,
भिंतीपलीकडे जिना, तिथूनच घेतली.
दिवसभर कारखान्यात मोटारी गुंडाळून आलेला माणूस
हातभर वायरीसाठी कशाला पुन्हा बाजारात जाईल.

ओट्याजवळ उभ्या उभ्या मांडलं.
पाच वॅट, चोवीस तास, तीस दिवस,
तीन पूर्णांक सहा दशांश.
अकरा वर्षांचे चारशे पंच्याहत्तर.
मी रोज हात जोडत होते
आणि बिल चौघांत जात होतं.

फेब्रुवारीच्या चिठ्ठ्यांवर लिहिलं,
वजा देव, ३.६.
खैरनार जिन्यात मोठ्याने हसले.
पिंजारी झोपेतून उठून दारात आले,
"काकू, चालतंय की. राहू द्या."
म्हटलं, मी कोण राहू द्यायला, पैसे तुमचे आहेत.
दोन वर्षांचे मोजून हातात ठेवले.
त्यांनी घेतले. घेतले ते बरं केलं.

आधीच्या बिऱ्हाडांचे पत्ते माझ्याकडे नाहीत.
एक सटाण्याचे मास्तर होते.
एक घोटीचं जोडपं भांडून गेलं,
लाइटबिलावरूनच.
त्या बाईला मी काय काय बोलले होते
ते वहीत नाही.

वायरमन म्हणाला, साडेतीनशे, लाइन फिरवून देतो.
जोडावरच्या काळ्या टेपला त्याने नख लावलं.
टेपचं टोक दुमडलेलं होतं.
ह्यांची खोड ती,
उद्या कुणाला सोडवायची झाली तर
नख लागावं म्हणून.
म्हटलं, आज राहू दे रे.

ते आज अजून चालू आहे.
एक तारखेला वाकते,
पाचवा मीटर वाचते,
तीन पूर्णांक सहा आधी माझ्या नावावर लिहिते.
भागाकार त्यानंतर.