साठ टनी काटा

काल दिवसभरात अकरा गाड्या.
परवा चौदा होत्या.
मागच्या वर्षी याच दिवसांत
मी एका हातात चहा धरून पावत्या फाडायचो
आणि चहावर साय धरायची.
आता चहा गरमच पिऊन होतो.
मंदीची पहिली खूण हीच,
पण हे मी शेठला सांगितलेलं नाही.

जळगावात, अजिंठा रोडला, डाळमिलच्या फाटकाशी
माझी खोली. सहा बाय आठ.
एक खिडकी, एक पंखा, लाल आकड्यांचा डबा,
आणि माझा आकार घेऊन बसलेली खुर्ची.
गाडी काट्यावर चढते. आकडे थरथरतात, मग ठरतात.
भरलेलं वजन, रिकामं वजन,
त्यांच्यातला फरक म्हणजे माल.
अठरा वर्षं मी हा फरक लिहितो आहे.

दिवाळीआधी काट्यावर आम्ही चार होतो.
धुळवडीनंतर दोन.
आखाजीला, पोरी माहेरी येऊन झोक्यावर बसल्या त्या आठवड्यात
शेठनं सुपडूदादाला केबिनमध्ये बोलावलं.
लाइट गेली होती म्हणे. दोघांनाही घाम.
पाकीट दिलं, पाया पडू दिलं नाही,
बरे दिवस आले की निरोप धाडतो म्हणाले.
शेठ वाईट माणूस नाही.
तेच अवघड आहे.

सुपडूदादा म्हणजे जन्मल्या जन्मल्या सुपात घातलेला,
आधीची दोन गेली म्हणून
शेजारणीला मूठभर कोंड्यावर विकून परत घेतलेला.
"माले ते मायनीच पाखडेल शे,
आते कोन पाखडी?" म्हणायचा.
जात्यातले रडतात, सुपातले हसतात,
हे तो मिलच्या घरघरीवर ओरडून सांगायचा
आणि स्वतःच्या नावावर स्वतःच हसायचा.

मी हसलो नाही.
पण त्या रात्री घरी
कळण्याची एक भाकरी जास्त खाल्ली. खोटं कशाला बोलू.
बायको म्हणाली, आज भूक लागली वाटतं.
मी म्हणालो, ठेचा बरा झालाय.

या महिन्याचा पगार दोन हप्त्यांत आला.
तरी मोबाइल थरथरला तेव्हा
मी तो शर्टावरूनच दाबून धरला,
उडून जाईल असा.

किती शिव्या घातल्या मी या खोलीला!
मे महिन्यातल्या पत्र्याला, चुरीच्या धुळीला,
रात्री दोनला हॉर्न दाबून धरणाऱ्या
इंदूरच्या ड्रायव्हरांना.
आता एकटाच, म्हणून खाटही इथेच.
आणि रात्री दोनला हॉर्न वाजला
तर चप्पल शोधत बसत नाही.

शनिवारी सुपडूदादा आला.
सायकलच्या हँडलला पिशवी,
पिशवीत बामणोदची दोन वांगी, भरताची.
माझ्यासाठी.
ज्याची गेली त्यानं ज्याची राहिली त्याला वांगी आणायची,
याची पावती कुठल्या रकान्यात फाडू?
"काम शे ना तुले?"
शे, म्हणालो.
"मंग बस," म्हणाला,
आणि स्वतःच बसला, माझ्या खुर्चीत.
खुर्चीनं त्याला ओळखलं, जराही कुरकुरली नाही.
गाडी नव्हती. म्हणाला, जाय, उभा ऱ्हाय काट्यावर.

साठ टनांचा काटा,
दहा किलोंच्या खाली बोलतच नाही.
मी मधोमध उभा. खाली पोलाद तापलेलं,
वांगी हातातच राहिलेली.
खिडकीतून तो ओरडला, "सत्तर!"
त्यात वांगी किती, मी किती, कळायला मार्ग नाही.
मग तोही बाहेर आला,
माझ्या शेजारी येऊन उभा राहिला.

आत आकडा वाचायला कोणीच नव्हतं.

थोड्या वेळानं फाटकाशी हॉर्न वाजला.
सवयीनं आधी तोच पळाला.